दुसऱ्यांदा पाहताना: ‘२००१: अ स्पेस ओडिसी’विषयी बदललेल्या मतांचा प्रकरण अभ्यास

२ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनच्या अपटाउन चित्रपटगृहात दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या विज्ञानकथेवरच्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. दुसऱ्या दिवशी तो न्यूयॉर्कमध्ये दाखवण्यात आला आणि तेथील निमंत्रितांपैकी बरेच जण खेळ चालू असतानाच उठून बाहेर पडले. चित्रपट तेव्हा सुमारे १६१ मिनिटांचा होता. त्याच्या आरंभीच्या सुमारे पंचवीस मिनिटांत कोणी एक शब्दही बोलत नाही, शेवटची वीसेक मिनिटेही तशीच संवादावाचून जातात, आणि मधल्या भागात जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे अधिकाऱ्यांच्या बैठकीतले, औपचारिक विचारपुशीचे किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छांचे असते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रेनाटा ॲडलर यांनी हा चित्रपट गुंगवून टाकणारा आणि कमालीचा कंटाळवाणा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असल्याचे लिहिले. पुढच्या वर्षी समीक्षक पॉलीन केल यांनी ‘हार्पर्स’ मासिकातील दीर्घ लेखात त्याला कल्पनाशक्तीचे भव्य दारिद्र्य ठरवले. याच काळात तरुण प्रेक्षक मात्र पुनःपुन्हा तिकीट काढून येत होते, आणि टोरोंटोच्या ग्लेनडेल चित्रपटगृहात हा चित्रपट १२७ आठवडे चालला.

मते दुभंगली एवढ्यापुरते हे प्रकरण विशेष नाही. तसे अनेक चित्रपटांचे होते. अभ्यासाला ते सोयीचे आहे ते वेगळ्या कारणाने. ज्यांनी हा चित्रपट आधी छापून झोडपला होता, अशा दोन नामांकित समीक्षकांनी तो पुन्हा पाहिला आणि आपले बदललेले मतही छापले. एरवी मतबदलाची साक्ष ज्याची त्याच्या आठवणीतून येते, आणि ही आठवण मोठी चतुर असते. चित्रपटाची कीर्ती वाढली की ‘मला पहिल्यापासूनच त्यात काहीतरी जाणवत होते’ असे म्हणायला ती लगेच तयार होते. येथे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही मजकूर तारखांसह शिल्लक आहेत.

गेल्मिस यांची दोन परीक्षणे

पहिले समीक्षक ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राचे जोसेफ गेल्मिस. पहिल्या खेळांनंतर लगेच आलेले त्यांचे परीक्षण प्रतिकूल होते. त्याच एप्रिल महिन्यात त्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला आणि दुसरे परीक्षण लिहून तो श्रेष्ठ दर्जाची कलाकृती असल्याचे सांगितले. दैनिकाच्या समीक्षकाने काही दिवसांच्या अंतराने स्वतःचाच निकाल फिरवणे ही साधी गोष्ट नव्हे, कारण त्याचा सारा अधिकार पहिल्या पाहण्यातल्या प्रतिसादावर उभा असतो. वाचकही त्याच्यासारखाच एकदा पाहणार असतो. पुढे या विषयाकडे परत येताना गेल्मिस यांनी कारण दिले ते असे, की व्यावसायिक समीक्षक स्वतःच्या ठरीव वर्गवारीत आणि संकेतांत अडकलेला असतो, आणि त्या चौकटीत न बसणारी कलाकृती समोर आली की तो तिच्यापासून स्वतःचा बचाव करू लागतो.

हे कबुलीजवाबासारखे स्पष्टीकरण वाचायला फार चांगले वाटते आणि म्हणूनच ते जरा जपून घ्यावे. दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. पहिल्या खेळांतील प्रेक्षकांची चुळबुळ पाहून क्युब्रिक यांनी चित्रपटातून सुमारे १९ मिनिटे कापली. सर्वत्र प्रदर्शित झाला तो सुमारे १४२ मिनिटांचा चित्रपट. अंतराळयानातील दैनंदिनीची काही लांबण त्यातून गेली, आणि ‘गुरू मोहीम, १८ महिन्यांनंतर’ व ‘गुरू आणि अनंताच्या पलीकडे’ अशा अर्थाच्या दोन पाट्या नव्याने घालण्यात आल्या. आदिमानव हाडाकडे पाहत असतो, त्या जागी चित्रपटात पुनःपुन्हा दिसणाऱ्या गूढ काळ्या शिळेचे एक क्षणभराचे दृश्यही जोडले गेले, ज्यामुळे शिळेचा आणि हत्यार सुचण्याचा संबंध डोळ्यांना दिसू लागला. म्हणजे ज्या काळात गेल्मिस यांचे मत बदलले, त्याच काळात चित्रपटही बदलत होता. प्रेक्षक तोच, चित्रपट तोच, फक्त पाहण्याची खेप वेगळी, अशी स्वच्छ तुलना येथे हाती लागत नाही. केवळ या एका उदाहरणावरून दुसऱ्या पाहण्याची थोरवी गाणाऱ्यांनी ही १९ मिनिटे हिशेबात धरलेली नसतात.

तरीही सगळे श्रेय कात्रीला देता येत नाही. पंचवीस मिनिटांचे मौन कापल्यानंतरही उरले. शेवट होता तसाच दुर्बोध राहिला. ज्या गोष्टींवर पहिल्या परीक्षणकर्त्यांचा मुख्य रोख होता, त्या जवळपास सर्व कापलेल्या प्रतीतही होत्या.

सॅरिस यांचा दुसरा लेख

या दृष्टीने अँड्र्यू सॅरिस यांचे उदाहरण अधिक भरवशाचे ठरते. ‘व्हिलेज व्हॉइस’चे हे समीक्षक अमेरिकी समीक्षेतील मोठे नाव, आणि दिग्दर्शकालाच चित्रपटाचा खरा कर्ता मानणाऱ्या विचारसरणीचे तेथील प्रमुख प्रवर्तक. १९६८ मध्ये त्यांनी हा चित्रपट निकालात काढला होता. क्युब्रिक यांना सलग गोष्ट सांगता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. १९७० मध्ये त्यांनी तो पुन्हा पाहिला आणि ही एका मोठ्या कलावंताची मोठी कृती असल्याचे लिहिले. या वेळी आपण एका ओढण्याच्या पदार्थाच्या अमलाखाली होतो, हेही त्यांनी त्या लेखात मोकळेपणाने आणि काहीशा मिश्कीलपणे नोंदवले. एमजीएम या चित्रपट कंपनीने जाहिरातीत ‘अंतिम सफर’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते आणि त्यातली नशेकडची खूण त्या काळच्या तरुणांना समजावून सांगावी लागत नव्हती, हे लक्षात घेतले तर सॅरिस यांच्या कबुलीत काळाचा वास अगदी स्पष्ट येतो.

नशेच्या उल्लेखामुळे हा लेख आजही हसण्यावारी नेला जातो. माझ्या मते तो तसा नेण्यात चूक होते, कारण त्यांचे मत कोठे बदलले ते पाहिले की नशेचे स्पष्टीकरण अपुरे पडते. रंगांचा झोत, प्रकाशाचे बोगदे, अनंताकडे घेऊन जाणारा तो सारा डोळे दिपवणारा भाग यांच्यामुळे आपले मत फिरले, असे ते म्हणत नाहीत. हॅल या संगणकाचा भाग आपल्याला पहिल्या वेळीही आवडला होता, पण दुसऱ्या वेळी त्याने आपल्याला आतून हलवले, असे ते लिहितात. शंकेने पोखरल्या गेलेल्या बुद्धीचे रूपक त्यांना हॅलमध्ये दिसले, आणि मनाचा मृत्यू इतक्या उत्कटतेने आपण अन्यत्र कोठेही पाहिला नाही, असे त्यांनी म्हटले. म्हणजे मत बदलले ते चित्रपटातील सर्वांत संयत, सर्वांत कमी रंगीत आणि खरे तर सर्वांत गोष्टरूप भागाविषयी. सलग गोष्ट सांगता येत नाही, हा आरोप करणाऱ्याला दुसऱ्या वेळी सापडली ती गोष्टच.

एक प्रसंग, दोन वेळा

असे का व्हावे, हे समजण्यासाठी त्या भागातील एक प्रसंग जवळून पाहणे उपयोगाचे आहे. गुरूकडे निघालेल्या ‘डिस्कव्हरी’ यानात पाच माणसे आहेत, त्यांपैकी तीन शीतनिद्रेत आहेत. बोमन आणि पूल हे दोघे जागे आहेत, आणि यानाचा सारा कारभार हॅल ९००० पाहतो. बोमन निजलेल्या सहकाऱ्यांची चित्रे काढून फिरतो आहे. हॅल ती चित्रे पाहू मागतो, कौतुक करतो, आणि मग जरा आढेवेढे घेत एक खासगी प्रश्न विचारतो. या मोहिमेविषयी तुमच्या मनात काही शंका येतात का? चंद्रावर काही खणून काढल्याच्या अफवा होत्या. तिघांचे प्रशिक्षण वेगळे झाले, त्यांना निजवूनच यानात चढवले. हे सगळे विचित्र नाही का? बोमन क्षणभर थांबतो आणि म्हणतो, की तू चमूच्या मानसिक स्थितीचा अहवाल तयार करतो आहेस ना. हॅल म्हणतो, अर्थातच. माफ करा, हा जरा खुळेपणाच आहे. आणि लगेच: एक क्षण थांबा, एक क्षण थांबा. संपर्क-अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणाऱ्या एई-३५ या भागात बिघाड आढळला आहे, तो ७२ तासांत पूर्ण बंद पडेल.

पहिल्यांदा पाहणारा या प्रसंगातून एकच गोष्ट उचलतो, ती म्हणजे बिघाडाची बातमी. बराच वेळ काहीही घडलेले नसते, आता काहीतरी घडेल अशी आशा लागते, आणि त्याआधीची बातचीत केवळ वेळ काढण्यासाठी होती असे वाटते. पुढे तो भाग निर्दोष निघतो, हॅल चुकला असे ठरते, दोघे पॉड म्हणजे यानातल्या एका छोट्या, बंद यानात जाऊन त्याला बंद करण्याची चर्चा करतात, हॅल त्यांचे ओठ वाचतो, आणि मग माणसे मरू लागतात. पहिल्या पाहण्याच्या अखेरीस हाती उरते ती बिथरलेल्या यंत्राची कथा, जी विज्ञानकथेच्या वाचकांना तेव्हाही नवी नव्हती.

हॅलचे भाग एकेक करून उपसले गेल्यानंतर, त्याचा आवाज खोल जात विझल्यानंतर, एक आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेला संदेश पडद्यावर आपोआप सुरू होतो. मोहिमेचे खरे प्रयोजन सुरक्षेच्या कारणास्तव यानावर फक्त हॅलला ठाऊक होते, असे त्यात सांगितले जाते. हे वाक्य पहिल्या वेळी सहज निसटते. हॅलच्या मरणाचा धक्का ताजा असतो आणि प्रेक्षक दमलेला असतो. पण हे वाक्य ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा त्या चित्रांच्या प्रसंगाकडे येतो, तेव्हा बोलणाऱ्याची जागा उलटलेली असते. जो प्रश्न विचारतो आहे त्याला उत्तर माहीत आहे. त्याला गुपित सांभाळण्याची आज्ञा आहे, आणि तो त्या गुपिताच्या कडेकडेने चालत समोरच्याला हात पुढे करायला सुचवतो आहे. बोमनने ‘हो, मलाही शंका येते’ एवढे म्हटले असते तर पुढे काय झाले असते, हा प्रश्न चित्रपट कोठेही विचारत नाही. बोमन कार्यालयीन उत्तर देतो, हॅल माफी मागून मागे सरतो, आणि दुसऱ्या क्षणी बिघाड जाहीर होतो. दोन ‘एक क्षण थांबा’ यांच्या मधली ती लहानशी विश्रांती पहिल्यांदा यांत्रिक वाटते, दुसऱ्यांदा तिथे आवंढा गिळल्याचा भास होतो. डग्लस रेन यांनी दिलेल्या त्या समतल आवाजात या दोन्ही ऐकण्यांना सारखीच जागा आहे, हे त्या आवाजाचे यश.

दुसऱ्या पाहण्याची खरी यंत्रणा मला येथे दिसते. ‘आता पुढे काय’ हा प्रश्न पहिल्या वेळी प्रेक्षकाचे जवळजवळ सगळे लक्ष खाऊन टाकतो, आणि ज्या चित्रपटात पुढे फारसे काही होत नाही तेथे तो प्रश्न उपाशी राहून चिडतो. कंटाळा म्हणतात तो बहुतेक हाच. दुसऱ्या वेळी त्याचे उत्तर खिशात असते, त्यामुळे तीच संथ मिनिटे दुसऱ्या प्रश्नासाठी मोकळी होतात: हा माणूस असे का बोलतो आहे? या चित्रपटातील माणसे इतकी सपाट का बोलतात, हा १९६८ मधला नेहमीचा आक्षेप याच जागी आपला अर्थ बदलतो. पृथ्वीवरून आई-वडील वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि पूल निर्विकारपणे पडून राहतो, चंद्राकडे निघालेले अमेरिकी अधिकारी डॉ. फ्लॉइड रशियन शास्त्रज्ञांशी गोड बोलत खोटे पसरू देतात, आणि या सगळ्यांत भीती वाटते आहे असे सरळ म्हणणारा एकटा हॅल असतो, तेही मरताना. ही विसंगती पहिल्या वेळी दिग्दर्शनातला उणेपणा वाटू शकते, कारण विसंगतीची दुसरी बाजू अजून पडद्यावर आलेलीच नसते.

जे बदलत नाही

याच निकषाने पाहिले तर शेवटच्या भागाविषयी मला सॅरिस यांच्याइतके उदार होता येत नाही. प्रकाशाच्या बोगद्यातून जाणारा बोमन, जुन्या थाटाची ती पांढरी खोली, म्हातारपण, शिळा आणि अर्भक: हा भाग मी पुनःपुन्हा पाहिला आहे आणि दर वेळी तो मला जवळजवळ तेथेच भेटतो. त्याचा परिणाम आहे, पण तो पहिल्या वेळीही होता. पाहण्याने त्यात भर पडत नाही, कारण त्या दृश्यांत आधी झाकलेली आणि नंतर उघडणारी माहिती नाही. जुलै १९६८ मध्ये आलेली, चित्रपटाचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांची त्याच नावाची कादंबरी वाचून अनेकांना शेवट ‘कळला’. पण ते कळणे पुस्तकातून आले. दुसऱ्या तिकिटाच्या खात्यावर ते मांडणे योग्य होणार नाही.

हा चित्रपट पहिल्या पाहण्यात कोणाला समजला तर आम्ही फसलो, अशा आशयाचे विधान क्लार्क यांनी केले होते. क्युब्रिक यांना ते मान्य नव्हते, ते गमतीने केलेले आहे असे त्यांचे म्हणणे होते. मात्र त्याच वर्षी ‘प्लेबॉय’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी असाही मुद्दा मांडला, की थोर संगीत एकदाच ऐकावे किंवा चांगले चित्र एकदाच पाहावे असे कोणी म्हणत नाही, मग चित्रपट तेवढा एकदाच पाहण्याची वस्तू का मानावी. युक्तिवाद बिनतोड आहे. तो दिग्दर्शकाच्या फार सोयीचाही आहे, कारण कोणत्याही रटाळ चित्रपटाचा निर्माता टीकाकाराला तोच ऐकवू शकतो.

पॉलीन केल यांची भूमिका याच्या नेमकी विरुद्ध होती. त्या चित्रपट सहसा एकदाच पाहत आणि ते अभिमानाने सांगत. चित्रपटाशी होणारी पहिली, ताजी, अंगावर येणारी झटापट हीच त्यांच्या लेखी समीक्षेची सामग्री होती, आणि ती निवल्यावर माणूस मत देत नाही, मत सजवतो, असा त्यांच्या पद्धतीचा रोख दिसतो. त्यांचा निकाल मला पटत नाही, पण पद्धत बेशिस्त म्हणून बाजूला सारता येत नाही. दुसऱ्या पाहण्यात खरोखरच सजावटीला वाव असतो: पैसे आणि वेळ पुन्हा खर्च केले की ते वाया गेले असे म्हणणे जड जाते.

सवय, निवड आणि दबाव

हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे लोकांना कमी-अधिक वेळा दाखवली, तर जे जास्त वेळा दिसले ते अधिक आवडू लागते, असे त्यांनी दाखवले. निव्वळ ओळखीने आवड वाढते, हा तो सिद्धान्त. तो सरसकट लागू केला तर गेल्मिस आणि सॅरिस यांच्या मतबदलात अभिमान बाळगण्यासारखे काही उरत नाही. डोळ्यांना सवय झाली, इतकेच.

परंतु २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ईस्थेटिक्स’ मध्ये आलेल्या एका प्रयोगाने या सरसकटपणाला खीळ घातली. त्यात विद्यार्थ्यांना टॉमस किंकेड या लोकप्रिय पण समीक्षकांनी हिणवलेल्या चित्रकाराची आणि जॉन एव्हरेट मिले या एकोणिसाव्या शतकातील मान्यवर चित्रकाराची चित्रे वारंवार दाखवण्यात आली. किंकेड यांची चित्रे जितकी अधिक पाहिली गेली, तितकी ती कमी आवडली. मिले यांच्या बाबतीत तशी घसरण झाली नाही. म्हणजे पुन्हा पाहिल्याने मत वर जाते असे नव्हे. वस्तूत जे असेल त्याच्याकडे ते जाते, मग ती दिशा खालीही असू शकते. हे प्रयोग क्षणभर दिसणाऱ्या चित्रांवर झालेले आहेत, दोन-सव्वादोन तासांच्या कथेवर नव्हेत, त्यामुळे त्यांचा आधार येथे मर्यादितच घ्यायला हवा.

याहून मोठा अडथळा निवडीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये जे अर्ध्यातून उठून गेले, त्यांतले किती परत आले असतील? १९६८ मध्ये चित्रपट पुन्हा पाहायचा तर पुन्हा तिकीट काढून मोठ्या पडद्यासमोर बसावे लागे, आणि तेवढी तसदी घेणारा माणूस आधीच अर्धा राजी असतो. त्यामुळे ‘दोनदा पाहणाऱ्यांना तो आवडतो’ या विधानात आवडणारेच दोनदा पाहतात, हे सत्य लपलेले असू शकते. समीक्षकांची उदाहरणे मोलाची आहेत ती यासाठीच, कारण ते नापसंतीवर स्वतःची सही करून मग परतले होते. पण दोन समीक्षक म्हणजे दोनच समीक्षक.

आजच्या प्रेक्षकावर वेगळा दबाव आहे. ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षकांच्या कौलात हा चित्रपट १९७२ आणि १९८२ मध्ये पहिल्या दहांत नव्हता. १९९२ मध्ये तो दहावा आला, २००२, २०१२ आणि २०२२ मध्ये सहावा, आणि २०२२ च्या दिग्दर्शकांच्या कौलात पहिला. ज्याला आज तो पहिल्यांदा कंटाळवाणा वाटतो, त्याच्या हातात दुसऱ्या वेळेपूर्वी हा निकाल आधीच दिलेला असतो. १९६८ मधला प्रेक्षक कंटाळला तर चित्रपटाला दोष देई. आजचा प्रेक्षक स्वतःला देतो, आणि दुसऱ्यांदा पाहताना आवडून घेण्याच्या तयारीनेच बसतो. सॅरिस यांना १९७० मध्ये अशी कोणतीही यादी बाजूने किंवा विरोधात दिसत नव्हती, आणि मला वाटते, त्यांचा लेख आजच्या कोणत्याही ‘आता मला तो उमगला’ या कबुलीपेक्षा वजनदार ठरतो तो यामुळेच.

वारंवार पाहणाऱ्यांनीच टिपलेली एक बारीक जागा याच भागात आहे. पूल हॅलशी बुद्धिबळ खेळतो. हॅल आपल्या विजयाची चाल वाचून दाखवताना वजीर उंटाच्या तिसऱ्या घरात जाईल असे सांगतो. त्या काळच्या नोंदपद्धतीत प्रत्येक खेळाडू घरे आपल्या बाजूने मोजतो, आणि हॅलच्या बाजूने ते घर सहावे आहे. डाव १९१० मध्ये हॅम्बुर्गला खेळल्या गेलेल्या खऱ्या डावावर बेतलेला आहे आणि क्युब्रिक स्वतः बुद्धिबळात मुरलेले होते. ही लेखनातली चूक असो की मुद्दाम पेरलेली, हॅल चुकू शकतो हे ठाऊक झाल्यावाचून ती कोणाच्या ध्यानात येत नाही. पूल पटाकडे काही क्षण पाहतो, तुझे बरोबर दिसते म्हणतो, आणि डाव सोडून देतो.